मीठ

रविवारी अठरा किलो मटण चढतं,
बाकी दिवशी बारा.
गंगावेशीजवळच्या या खानावळीत
तेवीस वर्षं मी डाव हलवतोय.
चव बघणं हेच माझं काम,
आणि रमजानात तेवढं एकच काम मला नसतं.

मौलानांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं.
म्हणाले, दस्तगीर, रोजीसाठी आहे ते,
जिभेच्या शेंड्याला लाव, थुंकून टाक, चालतं.
चालतं, हे कळलं.
पण माझी जीभ मी ओळखतो.
तिथवर गेलेला तांबडा रस्सा
मागं फिरायला तयार होत नाही.

म्हणून आक्काताई.
पाट्यावर खसखस वाटता वाटता
तळहातावर दोन थेंब घेते,
डोळे बारीक करते, निकाल देते,
"अजून चिमूटभर. बास. आता हात आवर."
महिनाभर तिची जीभ माझी.

गेल्या रविवारी तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या,
आक्काताई सीपीआरला गेली पहाटेच.
मी एकटा,
दोन पातेली, एक तांबडं, एक पांढरं,
आणि मधे चुलीची झळ.

बाराला भूक ओरडते,
एकला हट्ट धरते,
दोनला दमून कोपऱ्यात जाऊन बसते.
हे सांगून पटत नाही कुणाला.
पण ती बसली की आत एवढी जागा होते
की आपलाच श्वास येता-जाता ऐकू येतो,
शेजारच्या घरातून यावा तसा.
त्या जागेत मी नाव ठेवतो.
डाव फिरला, सुभानअल्लाह.
परत फिरला, सुभानअल्लाह.
तेहतीस फेऱ्यांत कांदा गुलाबी,
आणखी तेहतीसमध्ये लाल.
ही तसबीह मला मक्केहून कुणी आणली नाही,
कांद्यानं दिली.

मन मात्र सरळ बसत नाही.
नाव घेता घेता गॅसचं बिल येतं,
मधल्या पोराची फी येते,
सहरीला उरलेली अर्धी भाकरी येते.
मी त्यांना हाकलत नाही आता.
येऊ देतो, फेरी मोजतो, पुढं जातो.

तेवढ्यात संभानं नारळाच्या दुधाचं भगुलं पाडलं.
सगळं फरशीवर. पांढरं, पसरत, माझ्या पायापर्यंत.
हात उठला.
अकरा महिने हा हात
त्याच्या पाठीवर उतरला असता.
त्या दिवशी तो वरच राहिला,
आणि मला दिसलं,
रोजा तोंडाला असतो असं धरून
मी किती वर्षं नुसता उपाशी राहिलो होतो.
हात खाली आला, फडकं घेतलं.
पोरगं माझ्याकडं बघत राहिलं,
मार बाकी आहे असं वाटून.

मग नवं दूध काढलं,
वासावर मसाला ओळखला, उकळीच्या आवाजावर आच.
मिठाची मूठ पातेल्यावर धरली
आणि पहिल्यांदाच मला माहीत नव्हतं.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.
बिस्मिल्लाह म्हणून बोटं उघडली.
पुढचं माझ्या हातात नव्हतं,
आणि नव्हतं म्हणून की काय,
हात फार हलका झाला.

तीन पंगती उठल्या.
कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी भोंगा झाला.
एक खजूर. मग पाणी.
पाणी घशातून खाली जाताना
प्रत्येक पायरी मोजता आली मला,
अल्हम्दुलिल्लाह म्हणायला
वेगळी आठवण लागली नाही.
मग वाटीभर रस्सा घेतला.

अळणी.
नुसता अळणी नव्हे, विहिरीचं पाणी बरं!

बाहेर येऊन बघतो तर
दहाही टेबलांवरच्या मिठाच्या वाट्या तळाला गेलेल्या.
संभा म्हणाला,
"दोन येळा भरल्या मी. सगळ्यास्नी सांगितलं,
मामांचा रोजा हाय, वरनं घ्या."

मी त्याला माझ्यातला खजूर दिला.
तेवढ्यात आक्काताईचा फोन.
नात झाली, सव्वातीन किलो, दोघी बऱ्या.
आणि लगेच,
"मीठ झालं का रं बरोबर?"

"होतं," म्हटलं.
"टेबलावर होतं."